वऱ्हाडचें बिऱ्हाड बेटावर

वऱ्हाडांतील माणसाची व समुद्राची ओळख बहुधा पुस्तकांतूनच होते. अकोल्याहून मुंबईचा किनारा रेल्वेनें जवळजवळ सहाशें किलोमीटर दूर. अमरावतीहून त्याहूनहि लांब. चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आमच्या मुलांनीं भूगोलाच्या तासाला घोकावी, परीक्षेंत लिहावी आणि विसरून जावी, असाच आजवरचा परिपाठ आहे. संस्कृतांतील 'द्वीप' हा शब्द 'द्वि' आणि 'अप्' या दोहोंपासून सिद्ध झाला आहे. ज्याच्या दोन्ही अंगांस पाणी तें द्वीप. शब्द फोडून दाखविणें शिक्षकास सोपें असतें. परंतु त्या दोन पाण्यांच्या मध्यें चूल मांडण्याचा प्रसंग घरांतील माणसांवर आला, म्हणजे व्याख्या अपुरी पडते.

हा प्रसंग आतां आमच्या घरांतून अगदीं विरळा राहिलेला नाहीं. केन्द्र सरकारचीं खातीं, बँका, नौदल, संशोधनसंस्था यांत नोकरीस असलेल्या मुलांची बदली अंदमानांत होते. आमच्या कुटुंबांतहि ती झाली. पुतण्या अमरावतीस नोकरीला; सूनबाई व दोन नातवंडें त्याच्याजवळ; आणि त्याची आई, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, अकोल्याच्या वडिलोपार्जित घरीं आमच्यांत. हुकूम हातीं पडल्यापासून निघेपर्यंत दोन महिने मिळाले. त्या अवधींत जी चौकशी केली, जे नकाशे पाहिले आणि तिकडे राहून आलेल्या मंडळींस जें विचारलें, त्याचें सार येथें देत आहों. ज्या घरांवर असाच प्रसंग येईल त्यांस तें उपयोगीं पडावें, एवढाच हेतु.

ठिकाण कोठें व केवढें

अंदमान व निकोबार मिळून आठशेंहून अधिक लहानमोठीं बेटें व खडक आहेत. त्यांपैकीं वस्ती जेमतेम तीस-पस्तीसांवर. सर्वांचें मिळून क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. एकट्या अमरावती जिल्ह्याचें १२,२१० आहे. २०११ च्या खानेसुमारींत तेथील एकूण लोकसंख्या ३,८०,५८१ भरली. त्याच वर्षीं अकोला शहरांत सुमारें सव्वाचार लाख माणसें होतीं. म्हणजे एका अकोल्याहून कमी माणसें, आणि तीं समुद्रांत शेंकडों किलोमीटर पसरलेलीं. या बेटांचें मुख्य ठाणें पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्यें त्याचें नांव श्री विजयपुरम् असें झालें. चेन्नईहून तें सुमारें १,२०० किलोमीटरांवर, कलकत्त्याहून किंचित् अधिक. विमानानें दोन-सव्वादोन तास. बोटीनें अडीच ते तीन दिवस, आणि हवा बिघडली तर त्याहूनहि अधिक. हावड्याकडे जाणारी गाडी अकोल्यास व बडनेऱ्यास मिळते, तेव्हां सामान बोटीनें न्यावयाचें असल्यास कलकत्त्याची वाट आम्हां वऱ्हाडकरांस सोयीची.

भूगोलापूर्वीं इतिहास आडवा येतो, हें मात्र खरें. १८५८ मध्यें तेथें बंदिवानांची वसाहत बसविली गेली. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत सेल्युलर जेल उभा राहिला. मराठी घरांत त्या जागेचें नांव शिरलें तें सावरकर बंधूंमुळें. विनायकराव १९११ च्या जुलैंत तेथें पोहोंचले, आणि १९२१ मध्यें दोघेहि बंधु तेथून मुख्य भूमीवरील तुरुंगांत आणले गेले. 'माझी जन्मठेप' वाचून वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानांत अंदमान म्हणजे काळें पाणी हें समीकरण इतकें पक्कें बसलें आहे कीं, बदलीची वार्ता ऐकतांच वहिनींच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते तेच. स्वखुशीनें तेथें जाऊन संसार थाटणाऱ्यांचा इतिहास आपल्या कानीं फारसा येत नाहीं. वास्तविक १९६९ पासून पुढील दहा-अकरा वर्षांत सुमारें तीनशें तीस माजी सैनिकांचीं कुटुंबें अगदीं दक्षिणेकडील ग्रेट निकोबार बेटावर वसविण्यांत आलीं. त्यांत पंजाबी, केरळी, तामिळ मंडळींबरोबर महाराष्ट्रांतील घरेंहि होतीं. पोर्ट ब्लेअरपासूनहि पांचशें किलोमीटरांहून दूर, अरण्य तोडून त्यांनीं नारळी-पोफळी लावल्या, मुलें वाढविलीं, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत किनाऱ्यावरील वस्त्या धुऊन गेल्यावर उरलेल्यांनीं पुन्हां छप्परें उभारलीं. त्यांच्या मानानें आमच्या पुतण्याचें जाणें म्हणजे सहलच म्हणावयाची.

कोरडें घर आणि ओलें घर

चौकशीअंतीं एक गोष्ट स्पष्ट झाली, व पुढील सारी तयारी तिच्याभोंवतीं फिरली. वऱ्हाडांतील घर कोरडेपणावर उभें आहे. तुरीची डाळ वर्षाची भरावी, गहूं-ज्वारींत कडुनिंबाचा पाला घालून कोठ्या बंद कराव्या, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गच्चीवर पापड, कुरडया, शेवया, सांडगे, खारोड्या वाळत घालाव्या, आणि मृगाचा पहिला थेंब पडण्याआधीं वर्षाची बेगमी डब्यांत शिरावी. या क्रमावर आमच्या गृहिणींचें शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या पारखलें गेलें आहे. त्या शहाणपणाचा खरा धनी वैशाखांतील ४५ अंशांचें ऊन. घर त्याला शिव्या देतें आणि त्याच्याच जिवावर वर्षभर जेवतें.

बेटावर हा धनीच नाहीं. अकोल्यास वर्षाकाठीं सुमारें ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. पोर्ट ब्लेअरला सुमारें ३,०००. मोसमी वारे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास तेथें पोहोंचतात, आणि आश्विन-कार्तिकांत आमचें आभाळ मोकळें होतें तेव्हां तेथें ईशान्येकडील पाऊस सुरू असतो. खरे कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. उष्णमान बाराहि महिने साधारण २३ ते ३१ अंशांच्या आंतबाहेर राहतें हें ऐकून आमच्या घरांत प्रथम आनंद झाला. परंतु हवेंतील ओलावा वर्षभर उतरत नाहीं, हें कळल्यावर तो आनंद आटोपता घ्यावा लागला. ज्या हवेंत घाम वाळत नाहीं त्या हवेंत पापड वाळणार नाहीं, हें सांगावयास विज्ञानाचें पुस्तक लागत नाहीं.

म्हणून तयारीचा पहिला नियम असा कीं, वर्षाची बेगमी बरोबर नेऊं नये. हा नियम सूनबाईंच्या गळीं उतरण्यास वेळ लागला, कारण वर्षाचें सामान न भरतां घर सोडणें म्हणजे आमच्याकडे जवळजवळ अपशकुन. परंतु मणभर पीठ नेलें तर महिन्याभरांत त्यांत अळ्या होतील. त्यापेक्षां लहानशी घरघंटी न्यावी व आठवड्यापुरतें दळावें. तिखट, हळद, गोडा मसाला पावशेर-पावशेराच्या हवाबंद पुड्यांत न्यावा व एका वेळीं एकच पुडी फोडावी. लोणच्यावर तेलाचा थर येथल्यापेक्षां चांगला बोटभर अधिक ठेवावा आणि ओला चमचा म्हणून लागूं देऊं नये. मिठाला पाणी सुटतें, गूळ पाझरतो, काड्यापेटी पेटत नाहीं. मिठांत मूठभर तांदूळ घालण्याची युक्ति ज्ञात आहेच.

दुसरा नियम लोखंड, कातडें, कागद व कापूस यांच्याविषयींचा. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडास गंज लवकर चढतो. तवा रोज तेलाचा हात लावून ठेवावा, शिवणयंत्रास दर पंधरवड्यास तेल द्यावें. तबला उतरतो, हार्मोनियमच्या पट्ट्या फुगतात. हौस असेल त्यानें हें गृहीत धरूनच वाद्य न्यावें. पुस्तकांवर बुरशी चढते. पोथ्या, जन्मपत्रिका, घरच्या जुन्या तसबिरी यांतलें कांहींहि नेऊं नये. प्रमाणपत्रांच्या नकला न्याव्या व मूळ कागद कोरड्या वऱ्हाडांतच ठेवावे. शालू-पैठण्यांचेंहि तेंच. कपाट भिंतीपासून वीतभर दूर असावें आणि कोरड्या महिन्यांत एकदां रिकामें करून उन्हांत ठेवावें.

राहतां राहिला कापूस. ज्या कापसावर आमचें वऱ्हाड जगलें, ज्याची गादी लेकीच्या पाठवणींत दिल्यावांचून आमच्याकडे समाधान होत नाहीं, ती गादीच तेथें वैरीण होते. ती हवेंतील ओल पिते, जड होते व कुबट वास धरते. तेथें काथ्याची गादी वापरण्याचा प्रघात आहे. सूनबाईंच्या माहेरच्या दोन गाद्या अकोल्यासच राहिल्या. निघतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें तें आमच्यासाठीं कीं गाद्यांसाठीं, असें नातीनें विचारलें, आणि सगळे हसले.

नारळ दारांत, तूर बोटीनें

आमच्याकडे तूर घरची आणि नारळ बाहेरून आलेला. पूजेस एक नारळ आणावयाचा तर तो हलवून, वाजवून, पारखून घ्यावयाचा. तेथें हें सारें उलटें. नारळ, केळें, सुपारी दारांत; तूर, गहूं, कांदा, बटाटा हें सारें बोटीनें मुख्य भूमीवरून यावयाचें. ज्वारी तर मुद्दाम मागविल्याशिवाय दिसावयाची नाहीं. समुद्र खवळला व बोट लांबली म्हणजे कांद्याचा भाव चढतो, हें तेथील गृहिणीस पंचांगाइतकें पाठ असतें. तेव्हां वर्षाची बेगमी नको. पण पंधरा दिवसांचा साठा मात्र कधीं मोडूं नये, हें मधलें धोरण. खोबरेल व ओल्या नारळाचें वाटण यांस जीभ सरावली पाहिजे. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या वऱ्हाडी जिभेस तें चार दिवस जड जाईल. शाकाहारी घरास अडचण फारशी नाहीं. मात्र शेजारीं रोज मासळी शिजणार, तिचा वास येणार, आणि त्या वासास नाक मुरडणें हा असभ्यपणा ठरणार, हें निघण्यापूर्वींच मुलांस समजावून सांगावें. आपला आचार आपल्या ताटापुरता.

जुनें ज्ञान कोठें उपयोगीं पडतें

इतका वेळ सोडावयाचें तेंच सांगितलें. परंतु वऱ्हाडकर अगदींच रिकाम्या हातानें जात नाहीं. त्याची एक विद्या तेथें सोन्याच्या मोलाची ठरते, आणि ती म्हणजे पाणी पुरवून वापरण्याची.

तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गांवीं पाण्याची टंचाई कशी, असें कोणीहि विचारील. बेट अरुंद, डोंगर उभे, मोठ्या नद्या नाहींत; पडलेलें पाणी पाहतां पाहतां समुद्रास मिळतें. पोर्ट ब्लेअरची मदार मुख्यतः धनिखारीच्या धरणावर, आणि कोरडे महिने लांबले म्हणजे तेथें दिवसाआड किंवा त्याहूनहि विरळ पाणी सुटण्याचे प्रसंग आले आहेत. हें ऐकून अकोलेकरानें घाबरण्याचें कारण नाहीं. काटेपूर्णेचें धरण आटलें म्हणजे चार-चार, पांच-पांच दिवसांनीं नळ येतो, हें आपण पाहिलें आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, दर्यापूर, अकोट, बाळापूर या बाजूंच्या पुष्कळ गांवीं, विहीर भरलेली असूनहि पाणी तोंडीं लावतां येत नाहीं. समुद्र न पाहिलेल्या आमच्या आयाबहिणींनीं खारें पाणी कोणतें व गोडें कोणतें, धुण्याचें कोणतें व पिण्याचें कोणतें, याचा हिशेब जन्मभर केला आहे. तांदूळ धुतलेलें पाणी झाडांस घालणारी सून बेटावर कधीं अडावयाची नाहीं. पागोळीचें पाणी टाकींत धरण्याची सोय असलेलें घर मिळालें तर भाडें थोडें अधिक देऊनहि तें घ्यावें.

घड्याळ, प्रकृति आणि भूकंप

आपल्या देशाचें घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलें आहे. अकोला सुमारें ७७ अंशांवर, पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णव अंशांवर. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें दोन गांवांच्या सूर्योदयांत तासाहून थोडें अधिक अंतर पडतें. ज्येष्ठांत पहाटे पांचालाच तेथें उजाडतें आणि डिसेंबरांत सायंकाळीं पांचाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलांचें निजणें-उठणें निघण्यापूर्वीं महिनाभर हळूहळू अलीकडे आणावें. व्रतें पाळणाऱ्या घरांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, सूर्योदयाची तिथि धरावयाची तर तेथील सूर्योदय निराळा. महाराष्ट्रासाठीं केलेलें पंचांग प्रत्येक वेळीं जसेंच्या तसें लागूं पडेलच असें नाहीं.

प्रकृतीविषयीं दोन सूचना. डांसांसाठीं मच्छरदाणी न चुकतां लावावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप, जो उंदीर-घुशींच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून व चिखलांतून अंगावरील जखमेवाटे शिरतो, तो अंदमानांत चांगलाच परिचित आहे. पावसाळी चिखलांत अनवाणी चालणें मुलांस सक्त मना करावें, आणि पावसांत ताप आला तर घरगुती काढ्यांत दिवस न दवडतां डॉक्टरास दाखवावें. कांहीं खाड्यांत व किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यांतील मगरींचा वावर आहे. तेथें सूचनाफलक असतो, तो शोभेसाठीं नसतो.

वऱ्हाडांतील माणसास जमीन हलण्याची संवय नाहीं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचली तेवढीच. अंदमान मात्र भूकंपाच्या पट्ट्यांत आहे. १९४१ मध्यें तेथें मोठा धक्का बसला होता आणि २००४ च्या भूकंपांत पोर्ट ब्लेअरच्या परिसराची जमीन जवळजवळ मीटरभर खचली. २००७ पासून हैदराबाद येथून त्सुनामीची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था चालू आहे. तरी घरांतील प्रत्येकास, अगदीं लहान मुलासहि, एवढें पाठ असावें : जमीन बराच वेळ जोरानें हलली, किंवा समुद्र एकाएकीं मागें हटलेला दिसला, तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहतां व कांहींहि न उचलतां उंचावर धांवावें. किनाऱ्यावरील रम्य घरापेक्षां टेकडीवरील साधें घर बरें, हा निर्णय पुतण्यानें येथूनच घेतला.

शेजार

तेथें बंगाली, तामिळ, तेलुगु, केरळी, रांचीकडील, तसेंच १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशांतून आलेल्या कारेन लोकांचीहि वस्ती आहे. सर्वांची व्यवहारभाषा हिंदी. १९४२ मध्यें जपान्यांनीं बेटें घेण्यापूर्वींपासून तेथें असलेलीं जीं घरें, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज बंदिवान म्हणून आले होते. निरनिराळ्या प्रांतांचीं व जातींचीं माणसें तेथें एकमेकांशीं विवाहबद्ध झालीं व त्यांतून एक नवा समाज उभा राहिला. आपल्याकडे ओळख झाली कीं आडनांव, मूळ गांव, गोत्र येथपर्यंत चौकशी जाते, व तींत आपणांस आपुलकीच वाटते. तेथें ही चौकशी एखाद्याच्या वर्मीं लागेल. जेथें माणसांनीं आजोबांच्या शिक्षेवर माती टाकून नवीं घरें उभारलीं, तेथें आपण ती माती उकरूं नये. आणि जे या भूमीचे मूळ धनी, जारवा, ओंगी, सेंटिनेली इत्यादि, त्यांच्या राखीव प्रदेशांत जाण्यास १९५६ च्या नियमान्वयें मनाई आहे. त्यांस पाहावयास जाणें हें आपल्या सहलींच्या यादींत कधींहि नसावें.

वहिनींचा प्रश्न

हें सारें ठरलें, सामानाची यादी झाली, तरी एक नांव यादींत घालावें कीं नाहीं याचा निर्णय होईना. तें नांव वहिनींचें. वय ७१, पावसाळ्यांत दमा उचल खातो. एकुलता मुलगा समुद्रापलीकडे चालला. अशा घरांत निर्णय सहसा पुरुष घेतात आणि म्हातारीस शेवटीं कळवितात. तें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

प्रथम शास्त्राचा मुद्दा निघाला, तो नात्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं काढला. बौधायनधर्मसूत्रांत समुद्रसंयान हें पतनाच्या कारणांत गणलें आहे, आणि पुढील निबंधकारांनीं समुद्रपार जाऊन आलेल्या द्विजाशीं संबंध कलिवर्ज्यांत घातला आहे, हें खरें. परंतु ज्या काळीं गेलेला मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हें वर्षानुवर्षें कळत नसे, त्याचें नित्यकर्म व कुलाचार यांस खंड पडे, त्या काळची ती मर्यादा आहे, असें आमचें मत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याच्या धक्क्यावरून अमेरिकेस वैद्यक शिकण्यासाठीं निघाल्या तेव्हां वय अवघें १८ होतें. निघण्यापूर्वीं सेरामपूरच्या कॉलेजांत भरसभेंत त्यांनीं आपल्या जाण्याचीं कारणें सांगितलीं आणि आपला धर्म न सोडण्याचा निर्धारहि बोलून दाखविला. त्या वेळीं हा प्रश्न जेवढा कठीण होता त्याचा शतांशहि आज उरलेला नाहीं. २०२० च्या ऑगस्टापासून चेन्नईहून समुद्रतळांतून टाकलेली तार चालू झाली आहे. रोज सायंकाळीं नातवाचें तोंड दिसतें. यास संबंध तुटणें म्हणत नाहींत.

दुसरा मुद्दा वैद्यकाचा, आणि तो मात्र टाळतां येण्यासारखा नव्हता. ओल्या हवेंत दमा वाढण्याचें भय डॉक्टरांनीं सांगितलें. पोर्ट ब्लेअरला मोठें सरकारी रुग्णालय आहे. पण फार गंभीर आजारांत रोग्यास विमानानें चेन्नई-कलकत्त्यास हलवावें लागतें. हें सर्व आम्हीं वहिनींच्या पुढें मांडलें. त्या शांतपणें ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, काळ्या पाण्याची भीति मला पहिल्या दिवसापुरतीच वाटली. दम्याचीहि नाहीं, तो इथेंहि आहे. पण तिथें माझें काम काय, तें मला सांगा. नुसती पाहुणी म्हणून मुलाच्या घरीं बसणें मला जमायचें नाहीं."

या प्रश्नास आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. वैद्यकाचा विचार सर्वांनीं केला होता, शास्त्राचा केला होता. पन्नास वर्षें ज्या बाईनें उन्हाच्या जोरावर घर चालविलें तिच्या हातांस उन्हावांचून काय काम उरेल, हें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. तोड त्यांनींच काढली. "पौषांत जाईन, तेव्हां तिथें कोरडें असतें म्हणतां. पाडव्याच्या आंत परत येईन. वाळवणें इथेंच घालीन. तिकडे ऊन नाहीं ना? मग इथलें ऊन डब्यांत भरून पाठवीन."

त्याप्रमाणें झालें. मंडळी आश्विनांत गेली. वहिनी पौषांत विमानानें गेल्या व फाल्गुन अखेरीस परतल्या. दमा त्या काळांत उचलला नाहीं. दिवेलागण पांचाला होते याची त्यांस अखेरपर्यंत संवय झाली नाहीं. शेजारच्या बंगाली बाईंनीं नारळाचे लाडू दिले, वहिनींनीं त्यांस ज्वारीची भाकरी थापून दाखविली; दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पीठ किती घ्यावें हें हातानें सांगतां येतें. परत आल्यावर त्यांनीं नेहमींच्या दुप्पट कुरडया घातल्या आणि त्या चार-चार मुठींच्या लहान लहान पिशव्यांत सील केल्या. दर महिन्यास एक पिशवी टपालानें जाते. वृद्ध मातापित्यांचा प्रश्न असलेल्या घरांस आमची सूचना एवढीच कीं, त्यांस न्यावें कीं ठेवावें हें ठरविण्याआधीं, दोन्ही ठिकाणीं त्यांच्या हातीं काय राहील, हें त्यांसच विचारावें.

भाषा

शेवटचा प्रश्न मुलांचा, आणि शिक्षक या नात्यानें आम्हांस तो सर्वांत मोठा वाटतो. बेटावरील शाळांत हिंदी आहे, इंग्रजी आहे, बंगाली-तामिळहि कोठें कोठें आहे. मराठीची आशा धरूं नये. येथें मॉरिशसचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर कराराच्या मजुरीसाठीं हिंदुस्थानांतून लाखों माणसें त्या बेटावर गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी, विशेषतः कोंकणांतील, माणसेंहि होतीं. त्यांची तयारी कसली? अंगावरील वस्त्र आणि मनांतील दैवत. पण त्यांच्या वंशजांनीं गणपति टिकविला, तो इतका कीं गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. भाषा मात्र घरांतून पातळ होत गेली आणि तेथील क्रिओलनें तिची जागा घेतली. आज ती शाळांतून पुन्हां शिकविण्याचा प्रयत्न चालतो. सण वर्षांतून एकदां येतो, म्हणून तो जपतां येतो. भाषा रोज वापरावी लागते. एक पिढी आळसली कीं ती पुस्तकांत जाऊन बसते.

म्हणून निघतांना आम्हीं नातवंडांच्या पेटींत बालबोध पुस्तकांपेक्षां कोरे कागद व तिकिटें लावलेले लिफाफे घातले. बोलणें दूरध्वनीवर होतेंच. पण बोलण्यांत मराठी-हिंदीची खिचडी चालून जाते, लिहितांना शब्द शोधावा लागतो. आठवड्यास एक पत्र आजीस, स्वतःच्या अक्षरांत, असा नेम लावून दिला आहे. शुद्धलेखन तपासून पत्र परत पाठवूं नये. चुका तशाच राहूं द्याव्या व उत्तरांत तेच शब्द शुद्ध लिहावे. मूल आपोआप पाहतें. पत्रास विषय मात्र खरा हवा. 'आम्ही सर्व कुशल आहोंत' या वाक्यानें भाषा जगत नाहीं.

मागील महिन्यांतील पत्रांत नातवानें विचारलें आहे कीं, कुरडईचा चीक कसा काढतात, गहूं किती दिवस भिजवावे, आणि पाऊस थांबला असतां दोन दिवसांच्या उन्हांत ती वाळेल काय. वहिनींनीं चार पानें उत्तर लिहिलें. त्यांतील 'चीक', 'सोऱ्या', 'खळखळीत', 'वाळवण' हे शब्द त्यास कोणत्याहि शाळेंत मिळाले नसते. शेवटीं त्यांनीं लिहिलें आहे कीं, दोन दिवसांत ती वाळणार नाहीं, पण करून पाहा आणि काय झालें तें कळव. उत्तर अद्याप यावयाचें आहे. बोट लांबली असावी.